नीळ घातलेला चुना

तुमसरच्या बाजारपेठेत धान-तांदळाचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाच्या घराला तेरा वर्षांनी रंग द्यायचे ठरले, तेव्हा त्या घरात चार पिढ्या नांदत होत्या आणि रंगाविषयीची मते किमान पाच होती. रस्त्याकडे पेढी, तिच्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर, मध्ये लहानसे अंगण, अंगणाला लागून आजींची खोली आणि वर तीन खोल्या, अशी त्या घराची जुनी मांडणी. घरातील कर्ते गृहस्थ बासष्ट वर्षांचे. रंगाचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने रंगाचा नव्हताच, हिशेबाचा होता. दहा बाय बारा फुटांची खोली आणि उंची दहा फूट, म्हणजे चारी भिंती मिळून ४४० चौरस फूट. दारे-खिडक्यांचे ४० वजा जाता उरले ४००. एका लिटरमध्ये दोन हात देऊन साधारण १०० चौरस फूट भिंत रंगते, रंग चांगल्या प्रतीचा असेल तर थोडी अधिक. म्हणजे खोलीमागे चार लिटर. कोणता रंग, या प्रश्नावर त्यांचे उत्तर एका शब्दाचे होते : ‘आहे तोच.’

आहे तो रंग म्हणजे मलईसारखा फिकट पिवळा. त्यालाही एक इतिहास होता. तेरा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने घाई करून ऐन श्रावणात तो देऊन टाकला होता. भंडारा हा तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात येथील जुन्या विटांच्या भिंती पाणी पितात आणि दसऱ्यापर्यंत ते सोडत नाहीत. ओल्या भिंतीवर चढवलेल्या त्या रंगाचे दोन वर्षांत पोपडे निघाले. त्यामुळे या खेपेला दसरा उलटल्याखेरीज कुंचा उचलायचा नाही, एवढ्या एका मुद्द्यावर तरी सर्वांचे एकमत होते.

सूनबाई नागपूरच्या, शिकलेल्या, घराविषयी मनापासून आस्था असलेल्या. त्यांनी मोबाइलवर कितीतरी घरांची छायाचित्रे जमवली होती. त्यांतील बहुतेक घरांत भिंती राखाडी, फरशी राखाडी, पडदे राखाडी आणि एखादीच भिंत गडद. पाहताना ते सारे शांत, नीटनेटके वाटे. मात्र मोबाइलचा पडदा स्वतःच्या उजेडाने उजळलेला असतो. भिंतीला खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडावर भागवावे लागते. बाजारपेठेतील जुन्या घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या, खिडक्या अरुंद बोळात उघडणाऱ्या. जो राखाडी रंग दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीसमोर मोत्यासारखा दिसतो, तोच उत्तरेकडच्या बोळातील उजेडात पावसाळी आभाळासारखा दिसू लागतो. दुकानातील रंगपत्रिकेवरचा चौकोन आगपेटीएवढा असतो आणि तो पाहिला जातो दुकानाच्या पांढऱ्या नळ्यांखाली. त्यावरून खोलीचा अंदाज बांधणे म्हणजे मूठभर वानगी पाहून पोत्याचा भाव ठरवण्यासारखे. आणि धानाचा व्यापारीसुद्धा पोत्यात बांबी खुपसून मधला दाणा काढून पाहिल्याशिवाय भाव करत नाही.

ही खबरदारी रंगाच्या बाबतीत कोणाला सुचली नाही. कामाची सुरुवात आजींच्या खोलीपासून झाली, कारण ती सर्वांत लहान आणि सोयीची. भिंती राखाडी झाल्या. त्याच वेळी जुना लाल कोबा काढून राखाडी फरशी बसवली गेली. जुन्या सागवानी चौकटीवर तपकिरी तेलरंग होता, तोही घासून राखाडी केला. खोलीतून अंगणातल्या न्हाणीघराकडे जाताना एक पायरी उतरावी लागे. तिच्यावरही तीच फरशी आली. खोली छायाचित्रातल्यासारखी झाली. आजींनी दारात उभे राहून पाहिले आणि ‘स्वच्छ दिसते’ एवढेच म्हटले.

त्यांच्या दहा वर्षांच्या पणतीने मात्र मोठा प्रश्न उपस्थित केला. पाठशाळेत तिला नुकत्याच सहा लेश्या शिकवल्या होत्या : कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल. पहिल्या तीन अशुभ, पुढच्या तीन शुभ. कापोत म्हणजे कबुतराचा रंग. ‘आजीची खोली कापोत लेश्येची केली!’ असे तिने जाहीर केले. सूनबाईंचा चेहरा पडला. आजींनी तिला समजावले, ‘बेटा, लेश्या आत्म्याच्या परिणामांची असते, भिंतीची नसते.’ मग हसून म्हणाल्या, ‘आम्ही तर आयुष्यभर चुन्यात नीळ घालून भिंती रंगवल्या. तुझ्या हिशेबाने आम्ही सगळे नील लेश्येत राहिलो.’

नीळ घातलेल्या चुन्याची ही आठवण त्या दिवशी सर्वांनी हसण्यावारी नेली. परंतु ती नुसती म्हातारपणची आठवण नव्हती. आजी या घरात सून म्हणून आल्या त्या १९६० च्या सुमारास. त्या वेळी गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच होते. ते वेगळे झाले १ मे १९९९ रोजी. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कळीचा चुना येई. लोखंडी पिंपात पाणी घेऊन त्यात तो सोडला की पाणी खदखदू लागे, वाफा निघत. पिंपावर लगेच झाकण पडे, आणि ते केवळ मुलांच्या भीतीने नव्हे; चुन्यात किडा-मुंगी पडू नये म्हणून दिवसरात्र ते झाकलेले असे. भिंतींवरूनही आधी मऊ कुंचा हलक्या हाताने फिरवायचा, कोळी-मुंग्यांना वाट द्यायची, मगच काम. दोन-तीन दिवस मुरलेला चुना फडक्यातून गाळायचा, त्यात भाताची पेज किंवा डिंकाचे पाणी आणि थोडे मीठ घालायचे. शेवटी कापडाच्या पुरचुंडीत नीळ बांधून ती चुन्यात हलवायची. किती वेळ हलवायची, याचे माप कुठे लिहिलेले नव्हते. चुना ओला असताना भिंत मळकट, जवळजवळ पारदर्शक दिसते. खरा रंग दुसऱ्या दिवशी, वाळल्यावर उमलतो. त्यामुळे अंदाज बांधायचा तो ओल्या भिंतीवर नव्हे, पुढे उमलणाऱ्या भिंतीवर. ज्या सासूबाईंकडून आजी हे शिकल्या, त्या पुरचुंडीचा हात कोणाकडे देत नसत.

नीळ घालण्याचे कारण शास्त्रीय आहे. चुना कालांतराने किंचित पिवळट दिसू लागतो. निळा रंग पिवळ्याचा विरोधी, म्हणून चिमूटभर निळीने पांढरा अधिक पांढरा भासतो. धुतलेल्या धोतराला नीळ देतात ती याचसाठी. आणि बाजारात मिळणारी ही नीळ झाडाची नव्हे. एके काळी हा निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतील लाजवर्द दगड कुटून काढावा लागे आणि तो अतिशय महाग पडे. फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो कृत्रिम रीतीने स्वस्तात बनवून दाखवला आणि १८२८ मध्ये त्याबद्दल त्यास सहा हजार फ्रँकचे पारितोषिक मिळाले. पुढे तीच भुकटी जगभरच्या धुण्याच्या बादल्यांत गेली आणि आपल्याकडच्या चुन्याच्या पिंपातही. चुना दाहक असतो. त्यात पुष्कळसे रंग उडून जातात, हा मात्र टिकतो. खेड्यापाड्यांतील बायकांना हे रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते. टिकले ते ठेवले, उडाले ते सोडले.

राखाडी खोलीत आजी पंधरा दिवस राहिल्या आणि एका संध्याकाळी न्हाणीघराकडे जाताना पायरीवर पडल्या. हाड मोडले नाही. मनगट मुरगळले, गुडघा सुजला. घरच्यांनी दोष वयाला दिला. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाचा तोल जायचाच. त्यानंतर आजी दिवसादेखील भिंतीला हात लावून चालू लागल्या, चौकटीवर त्यांचा खांदा आदळू लागला, तोही वयाच्याच खात्यावर मांडला गेला.

खरी गोष्ट सूनबाईंच्या लक्षात आली ती तांब्यामुळे. आजींना चौविहाराचा नियम. सूर्यास्तानंतर अन्नही नाही आणि पाणीही नाही. त्यांच्यासाठी उकळून गार केलेले पाणी रोज सकाळी तांब्यात भरून ठेवले जाई आणि दुपारी पुन्हा एकदा भरावे लागे. काही दिवस ते भरावे लागेनासे झाले. संध्याकाळी पाहावे तर सकाळचाच तांब्या अर्धा भरलेला. सूनबाईंनी विचारले तेव्हा आजींनी आधी उडवाउडवी केली. मग म्हणाल्या, ‘पाणी प्याले की रात्री उठावे लागते. उठले की पायरी सापडत नाही. सगळे एकच दिसते गं. भिंत कुठे संपते, जमीन कुठे लागते, काही कळत नाही.’

एवढे दिवस त्या बोलल्या नाहीत, कारण खोली सुनेने हौसेने रंगवून घेतली होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांना भंडाऱ्यास नेत्रतज्ज्ञांकडे नेण्यात आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. थंडीत शस्त्रक्रिया करायचे ठरले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपेक्षा घराविषयीच अधिक विचारले, हे विशेष. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळट होत जाते आणि बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. विशीतल्या माणसाच्या डोळ्यात जितका प्रकाश आतपर्यंत पोहोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांश साठीच्या डोळ्यात पोहोचतो. ऐंशीत त्याहून कमी. निळा, हिरवा, जांभळा आणि राखाडी हे रंग एकमेकांत मिसळून जातात. अशा माणसाला भिंत कोणत्या रंगाची आहे यापेक्षा भिंत आणि जमीन यांत, चौकट आणि दार यांत, पायरीची कड आणि पुढची फरशी यांत किती फरक आहे, याचे महत्त्व अधिक. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. मोतीबिंदू वाढला तशी त्याची कमळांच्या तळ्याची चित्रे तांबूस-तपकिरी होत गेली. १९२३ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मग सगळे फार निळे दिसते अशी त्याची तक्रार सुरू झाली.

परतीच्या वाटेवर वरठीच्या पुढे रस्त्याकडेच्या एका जुन्या मातीच्या घराकडे सूनबाईंचे लक्ष गेले. कवेलूचे छप्पर, चुन्याच्या भिंती आणि भिंतीच्या पायथ्याशी हातभर उंचीचा गेरूचा पट्टा. अशी घरे या भागात त्यांनी शेकडो पाहिली होती. हा पट्टा सारवणाचे आणि पावसाचे शिंतोडे भिंतीवर दिसू नयेत म्हणून काढतात, असेच कोणीही सांगेल. परंतु भिंत कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हे कंदिलाच्या उजेडातही म्हाताऱ्या डोळ्यांना सांगणारी याहून सोपी खूण दुसरी नसेल. आजींच्या खोलीतला लाल कोबा आणि तपकिरी चौकटही तेच काम करीत होती, आणि तीच काढून टाकली गेली होती.

या वेळी घाई झाली नाही. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यांवर पाच छटा दोन-दोन हात देऊन रंगवल्या आणि ते पुठ्ठे चार दिवस आजींच्या खोलीत वेगवेगळ्या भिंतींना टेकवून ठेवले; सकाळी सात वाजता, दुपारी, दिवेलागणीला आणि दिव्याखाली. पाचांपैकी दोन छटा सकाळी वेगळ्या दिसत आणि पिवळ्या दिव्याखाली एकच होऊन जात. कर्त्या गृहस्थांना प्रथम हा वेळेचा अपव्यय वाटला. चौथ्या दिवशी मात्र ते स्वतःच पहाटे उठून पुठ्ठे पाहताना आढळले. अखेर भिंतींना निळसर झाक असलेला पांढरा, चौकटींना आणि न्हाणीघराच्या दाराला गडद तपकिरी, पायथ्याशी चार बोटे रुंदीचा गेरूच्या रंगाचा पट्टा आणि पायरीच्या कडेला ठसठशीत पिवळी पट्टी, असे ठरले. विजेच्या बटणांच्या पाट्यांभोवतीही तपकिरी चौकट आली. सामायिकाला बसण्याचा आजींचा कोपरा खिडकीच्या डाव्या हाताला. अठ्ठेचाळीस मिनिटे समोर जी भिंत असते, तिच्यावर काहीही टांगायचे नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःहून मागितली.

जुन्या दारांवरील तेलरंगाचे थर घासण्याचे काम मात्र या वेळी कारागिराने पाणी लावून केले, आणि ते योग्यच झाले. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे सर्रास असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ चा आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे दार कोरडे घासले तर ती धूळ रांगत्या मुलाच्या हातातोंडात जाते. ज्या घरांत लहान मुले आहेत त्यांनी रंगाची छटा निवडण्याआधी याची चौकशी करावी.

स्वयंपाकघराचा रंग ठरवताना पुठ्ठ्यांची युक्ती पुन्हा कामी आली. या घरात संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. मृगात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. कार्तिकात मात्र साडेपाचलाच, आणि स्वयंपाकाची खरी धांदल त्याआधीच्या तासाभरात. त्या तासाचा उजेड पश्चिमेच्या खिडकीतून तांबूस येतो. मलई किंवा पीच रंग त्या उजेडात आणखी तांबूस होतो आणि डाळीतला खडा, पिठातली अळी, ओट्यावरची मुंगी दिसेनाशी होते. सूनबाईंच्या मनात काळा ग्रॅनाइटचा ओटा होता. सासूबाई एरवी रंगाच्या चर्चेत फारशा पडल्या नव्हत्या, पण येथे त्यांनी पाय रोवला : काळ्या दगडावर काळी मुंगी कशी दिसणार? ओटा फिकट रंगाचा झाला, भिंती साध्या पांढऱ्या. छायाचित्रात ते स्वयंपाकघर कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. वरच्या खोलीतली एक भिंत सूनबाईंनी हौसेने गडद हिरवी करून घेतली. ती खोली त्यांची, खिडकी मोठी, तेव्हा कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. गच्चीवर मात्र निव्वळ पांढरा. तुमसरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि पांढरी गच्ची खालच्या खोलीचा ताप कमी करते, हे सांगायला तज्ज्ञाची गरज पडली नाही.

राहिली अंगणाची भिंत. घरात एवढी एकच भिंत अशी होती, जिच्यावर कधी प्लॅस्टिक रंग चढला नव्हता. तिच्यावर जुन्या चुन्याचेच थर होते. आजींनी विचारले, तिला चुनाच द्याल का? त्यांच्या खोलीलाही चुना देता आला असता तर त्यांना आवडले असते. परंतु प्लॅस्टिक रंगाचा गुळगुळीत थर चुना धरत नाही, चुन्याला शोषून घेणारी भिंत लागते. अंगणाची भिंत तशी होती. तरुण कारागिराने आयुष्यात कधी चुना भिजवला नव्हता. अंगणात खुर्ची टाकून आजी बसल्या, मनगटाला अजून पट्टी, आणि त्यांनी एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. पिंप आले, झाकण आले, गाळायला जुने लुगडे आले. पेज घरातूनच निघाली. तुमसरमध्ये तांदळाच्या पेजेला काय तोटा! शेवटी पुरचुंडी बांधली गेली आणि ती आजींनी डाव्या हाताने स्वतः हलवली.

त्या पाहत होत्या आणि म्हणत होत्या, ‘अजून.’ कारागीर म्हणाला, ‘आजी, पुरे झाली.’ त्या म्हणाल्या, ‘अजून थोडी. आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, हात का आखडतेस?’ पुरचुंडी जवळजवळ रिकामी होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंत वाळली तेव्हा ती पांढरी नव्हतीच, चांगली आसमानी झाली होती. कर्ते गृहस्थ तोंड उघडणार होते. सूनबाईंनी त्यांना डोळ्यांनीच थांबवले. आजी अंगणात आल्या, भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अशीच असायची. अगदी अशीच पांढरी.’

त्या दिवसापासून सकाळी उन्हात बसण्याची त्यांची जागा त्या भिंतीसमोर ठरली. तांब्या पुन्हा दुपारी भरावा लागू लागला.

पौषात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आठवड्याभराने हिरवी पट्टी आणि काळा चष्मा उतरला, तेव्हा आजी नेहमीप्रमाणे अंगणात येऊन बसल्या आणि एकदम सुनेला हाका मारू लागल्या. त्यांनी डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला, पुन्हा डावा. ‘ही भिंत रंगवली कोणी?’

‘तुम्हीच, आजी.’

पुन्हा एकदा त्यांनी दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून पाहिले. एका डोळ्याला भिंत त्यांच्या सासूबाईंच्या वेळची होती. दुसऱ्याला ती निळीशार. मग त्या हसू लागल्या, इतक्या की पेढीवरून कर्ते गृहस्थ आत आले. ‘तुम्ही सगळे पाहत होतात आणि कोणी बोलला नाहीत?’ असे त्यांनी विचारले. उत्तर कोणीच दिले नाही. पणतीने मात्र लगेच आठवण करून दिली की नील लेश्या अशुभ असते.

खोल्यांच्या छटांचे क्रमांक, लागलेले लिटर आणि तारीख, हे सारे कर्त्या गृहस्थांनी घरखर्चाच्या वहीत आधीच लिहून ठेवले होते. डब्याच्या झाकणावरची चिठ्ठी हरवते, वही हरवत नाही, असा त्यांचा अनुभव. त्या दिवशी त्याच पानावर अंगणाच्या भिंतीपुढे त्यांनी आजींच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ लिहिली : ‘पुढील दिवाळीस नीळ निम्मी.’